तळ्याला प्रदक्षिणा

महाबळेश्वरहून परतलेल्या माणसाला आपण हमखास विचारतो, "किती पॉइंट झाले?" तोही हिशेब देतो. विल्सन झाला, केट्स झाला, आर्थर सीटला धुकं होतं म्हणून फुकट गेला. कठड्याला टेकायचं, दरीत डोकवायचं, फोटो काढायचा, भाजलेलं कणीस खायचं आणि गाडी पुढच्या पॉइंटकडे वळवायची, ही डोंगर बघण्याची रीत साहेबानं घालून दिली आणि आपण ती मनापासून पाळली. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. कणीस मलाही आवडतं. फ्रान्समधल्या साँसी डोंगरात मात्र ती फारशी कामाला येत नाही. तिथे बघायची असतात ती तळी, आणि तळ्याला दर्शनी बाजूच नसते. दरीला असते, धबधब्याला असते, देवळाला तर असतेच. तळं प्रत्येक काठावरून निराळं दिसतं आणि कुठल्याच काठावरून पुरतं दिसत नाही. त्याला फेरी घालावी लागते.

साँसी आहे ओव्हेर्न प्रांतात, देशाच्या मधोमध, क्लेर्माँ-फेराँ शहराच्या नैर्ऋत्येला. सर्वांत उंच शिखर 1,886 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनशे चाळीस मीटरनं वर. आल्प्सचे फोटो डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर पदरी निराशा येईल. माथ्यावर बारमाही बर्फ नाही, सुळक्यांची रांग नाही, घड्याळाच्या जाहिरातीत शोभेल असं काही नाही. गवतानं झाकलेले, रुंद पाठीचे डोंगर आणि त्यांच्या कुशीत शिरलेली तळी, एवढाच ऐवज. सगळे डोंगर ज्वालामुखींचे, सगळे थंडावलेले. 1977 पासून हा मुलूख 'ओव्हेर्नचे ज्वालामुखी' या प्रादेशिक निसर्ग उद्यानात मोडतो, पण उद्यान म्हणून कुंपण आणि तिकिटाची खिडकी शोधू नये. उद्यानातच गावं आहेत, गोठे आहेत, चीज मुरवण्याची तळघरं आहेत. बसगाड्या मोजक्याच. भाड्याची गाडी घेतली नाही तर पायांची चांगली परीक्षा होते.

गंमत अशी की जगाला स्थळं 'बघायला' शिकवणारी एक मोठी पेढी याच प्रांतातली. मिशलिन ही टायरची कंपनी 1889 साली क्लेर्माँ-फेराँमध्ये सुरू झाली आणि आजही तिचं मुख्य ठाणं तिथेच आहे. लोक गाड्या घेऊन भटकले तर टायर झिजतील, हा साधा व्यापारी हिशेब. 1900 साली त्यांनी मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. पुढे हिरव्या वेष्टनाची प्रवासपुस्तकं आली आणि त्यांत प्रेक्षणीय स्थळांनाही तारे मिळू लागले. तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करून यावं, दोन म्हणजे वाट वाकडी करायला हरकत नाही, एक म्हणजे जाता जाता बघावं. रस्त्यांवर त्यांनी दिशादर्शक पाट्या आणि खांब लावले, तेही याच मातीतले. क्लेर्माँजवळच्या व्होल्विक गावचा लाव्हा कापून त्याच्या लाद्या करायच्या, त्यांवर मुलामा चढवून भट्टीत भाजायच्या. थंडीवाऱ्यानं, बर्फानं त्यांचं काही बिघडत नाही. फ्रान्समधल्या कित्येक टेकड्यांवर अर्धवर्तुळाकार चौथरे असतात आणि त्यांवर समोरच्या डोंगरांची रेषा नावांसकट रंगवलेली असते. त्यांतले कितीतरी याच भाजलेल्या लाव्ह्याचे. अशा एका चौथऱ्यावर मी हात ठेवला. जुन्या इनॅमलच्या ताटासारखा गार, गुळगुळीत. एका कोपऱ्यावरचा टवका उडाला होता आणि आतला बारीक छिद्रांचा काळा दगड दिसत होता. शिखराच्या नावापेक्षा तो टवकाच मी जास्त वेळ बघत राहिले.

याचं कारण उघड आहे. काळ्या दगडाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तिथे पावलोपावली ओळखीचं काहीतरी भेटतं. बेस नावाचं गाव आहे, उंचावर वसलेलं, जुन्या काळापासून बाजारपेठेचं. घरं काळ्या दगडाची, कमानी काळ्या, गल्ल्यांतली फरसबंदीही काळी. पावसात तो दगड आपल्या वाड्यांच्या जोत्यासारखाच चमकतो. बाकी सगळं परकं: उतरती छपरं, खिडक्यांतले जिरॅनियम, बेकरीचा वास. पण भिंतीला हात लावला की हात म्हणतो, हा आपल्यातला.

आणि हा दगड मुळात आगीतून आला, हे माणसाला कळलं त्यात या मुलखाचा मोठा वाटा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या लोकांनाही आपण ज्वालामुखींच्या अंगाखांद्यावर राहतो याचा पत्ता नव्हता. 1751 साली झाँ-एतिएन गेतार नावाचा निसर्ग-अभ्यासक इथून गेला. व्होल्विकचा दगड पाहून त्याला शंका आली, डोंगर चढून पाहिले आणि पुढच्या वर्षी त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सांगितलं, की हे एके काळचे ज्वालामुखी आहेत. तरी बेसाल्ट म्हणजे पाण्यातून साचलेला गाळ, असं गेतार स्वतःही मानत राहिला. ती गाठ सोडवली निकोला देमारेनं. 1763 मध्ये क्लेर्माँजवळ त्याला बेसाल्टचे सहा कोनी खांब दिसले. तो लाव्ह्याचा ओघ धरून चालत राहिला आणि खांब त्या ओघाचाच भाग आहेत, हे त्यानं दाखवून दिलं. त्यानंतरही युरोपात पाणीवाले आणि आगवाले कित्येक वर्षं भांडत होते. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हे आज आपण शाळेत घोकतो. ते समजायला लागणारी पहिली पावलं या हिरव्या उतारांवर पडली. आपल्याकडे तो लाव्हा भेगांतून वाहून थरावर थर पसरला, म्हणून डोंगरांना पायऱ्या पडल्या. साँसीचे ज्वालामुखी त्या मानानं कालपरवाचे, आणि त्यांना एकेक तोंड होतं. त्यांतल्या काही तोंडांत आता पाणी आहे.

पाव्हँ हे त्यांतलं सर्वांत नावाजलेलं तळं. बेसपासून जवळ, सुमारे बाराशे मीटर उंचीवर. ते ज्यातून झालं तो स्फोट अवघ्या सात हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा हा सर्वांत तरुण ज्वालामुखी. खालून वर येणाऱ्या तप्त रसाची जमिनीतल्या पाण्याशी गाठ पडली, वाफेनं जमीन फोडली, खड्डा पडला, खड्ड्यात पाणी भरलं. तळं जवळजवळ गोल आहे, क्षेत्रफळ 44 हेक्टर आणि खोली 92 मीटर. एवढ्याशा पसाऱ्याला इतकी खोली म्हणजे ती विहीरच झाली.

वाहनतळावरून पहिल्यांदा तळं दिसतं तिथे जवळच खाणावळ आहे आणि बहुतेक लोक तिथूनच परततात. वाट मात्र तिथूनच सुरू होते. रमत गेलं तरी तासाभरात फेरी पुरी होते. डाव्या हातानं निघा नाहीतर उजव्या, काही बिघडत नाही. प्रदक्षिणेचा नियम तिथे कुणी सांगत नाही, पण माझी पावलं आपोआप अशी वळली की तळं उजव्या हाताला राहिलं. बीच आणि स्प्रूसचं दाट रान काठापर्यंत उतरलेलं. पाणी कधी झाडांआड जातं, कधी मुळांच्या खालून अचानक वर येतं. एका बाजूला विवराची कडा सरळ उभी आहे आणि तिच्या कातळातून झरे पाझरतात. त्या सावलीत पाणी काळंशार. अर्धी फेरी झाली की तेच पाणी निळं, आणखी पुढे काठाजवळ बाटलीच्या काचेसारखं हिरवं, तळाचे पडके ओंडके स्पष्ट दाखवणारं. खाणावळीसमोरून पाहिलेलं तळं आणि हे तळं एकच, यावर विश्वास ठेवायला समोरच्या काठावरच्या त्या खाणावळीची बारीक लाल छत्री शोधावी लागली. पोहायला मनाई आहे. तसा फलक नसता तरी पाय घालायचा धीर मला झाला नसता.

या पाण्याची खरी गोष्ट वरून दिसतच नाही. साधारणपणे थंड मुलखातल्या तळ्यांचं पाणी वर्षातून एकदोनदा ढवळून निघतं. वरचं थंड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं. पाव्हँमध्ये ही उलथापालथ साठेक मीटरपर्यंतच होते. त्याखालचं पाणी क्षारांमुळे इतकं जड आहे की ते वर येतच नाही. तिथे प्राणवायू पोचत नाही. विरघळलेलं लोह आहे, कार्बन डायऑक्साइड आहे, मिथेन आहे आणि अशा अंधारात मजेत राहणारे जीवाणू आहेत. हवेत प्राणवायू नव्हता त्या काळचे पृथ्वीवरचे समुद्र कसे असतील, हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ या तळ्यात नळ्या सोडतात. 1986 मध्ये कॅमेरूनच्या न्योस तळ्यातून तळाचा वायू एकाएकी उसळला आणि सतराशेहून अधिक माणसं गुदमरून गेली. तेव्हापासून पाव्हँकडेही अभ्यासकांचं जरा जास्त लक्ष असतं, इतकंच.

लोकांना मात्र या तळ्याचं भय शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून. म्हणे जुनं बेस गाव इथेच होतं आणि रहिवाशांच्या पापांमुळे देवानं ते पाण्यात बुडवलं. म्हणे तळ्यात दगड टाकला की वादळ उठतं. म्हणे त्याला तळच नाही. हे ऐकताना लोणार आठवणार नाही असा मराठी माणूस विरळा. तिथेही गोल तळं, तिथेही काळा दगड, तिथेही शिक्षेची कथा: लवणासुर त्या विवरात दडला होता, विष्णूनं त्याला बाहेर काढून मारलं. आणि गंमत पाहा, लोणारचं विवर कशानं झालं याबद्दल भूवैज्ञानिकांचा बराच काळ जो गोंधळ होता, त्यात एक पक्ष म्हणायचा की ते ज्वालामुखीचंच काम. बेसाल्टमध्ये गोल खड्डा म्हटल्यावर तसं वाटणं साहजिक होतं. 1970 च्या दशकात तिथल्या काचेच्या कणांनी आणि दाबानं बदललेल्या खनिजांनी निकाल दिला की तो आघात आकाशातून झाला. एक खड्डा खालून फुटलेला, दुसरा वरून. एकाचं पाणी गोडं, दुसऱ्याचं खारट आणि अल्कधर्मी. दोन्ही ठिकाणी माणसाला मात्र एकच कारण सुचलं: इथे कुणीतरी काहीतरी वाईट केलं असणार.

शाँबों तळ्याबद्दल एवढं सांगण्यासारखं नाही, आणि तिथे गर्दी सर्वांत जास्त. वाळूचा किनारा, पायानं चालवायच्या होड्या, आइस्क्रीम, उन्हाळ्यात पोरांचा कल्ला. पाणी सहा मीटरसुद्धा खोल नाही. कूझ नदीच्या वाटेत अडसर पडून ते साचलं. शेजारच्या तार्तारे ज्वालामुखीनं ती वाट अडवली असं पुस्तकं सांगत आली. नंतर बोट काठावरच्या कोसळलेल्या कड्याकडे वळलं. त्या कड्याला नाव आहे 'कुमारिकेची उडी'. दंतकथा अशी की एका सरदारापासून अब्रू वाचवण्यासाठी एका मेंढपाळ मुलीनं तिथून उडी घेतली आणि देवमातेच्या कृपेनं तिला खरचटलंही नाही. गावकऱ्यांचा विश्वास बसेना, म्हणून तिनं पुन्हा उडी मारून दाखवली, आणि मेली. इतकी बिनभावुक दंतकथा मी दुसरी ऐकलेली नाही. जवळच म्यूरोलचा किल्ला आहे, बेसाल्टच्या उंचवट्यावर, मध्ययुगातला. पडका आहे पण त्याचा बुरूज चढावा. तिथून कूझचं अख्खं खोरं समजतं.

म्हणजे पॉइंट मुळीच नाहीत असं नाही. साँसीचा माथा हा तर पॉइंटांचा पॉइंट. ल माँ-दोर या गरम झऱ्यांच्या गावाकडून रोपवे जातो, तो 1936 सालापासून आहे. पुढे शेकडो लाकडी पायऱ्या. वर वारा असा की टोपी दोन्ही हातांनी धरावी लागते आणि बोलायचं ते कानाशी. पण तिथे उभं राहून एक गोष्ट पटते, जी खाली नकाशात पाहून पटत नाही. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी दोर्दोन्य नदी होऊन पश्चिमेला बोर्दोच्या बाजूला जातं. पूर्वेचं पाणी कूझ नावाच्या दोन नद्यांतून आलिएला, आलिएतून ल्वारला, आणि ल्वार भलामोठा वळसा घालून समुद्राला मिळते. समुद्र एकच, अटलांटिक. दोन मुखांमध्ये किनारा मात्र सुमारे दोनशे किलोमीटरचा. गंगेचा आणि गोदेचा उगम बघायला हौसेनं जाणाऱ्या आपल्या माणसांनी दोर्दोन्यचा उगमही बघावा. कुंड नाही, गोमुख नाही, पुजारी नाही. ओल्या गवतातून दोन ओहोळ येतात आणि एक होतात.

माथ्यावरून उतरताना गाई भेटतात. तांबूस-काळपट रंगाच्या, अंगावर कुरळे केस, शिंगं वीणेसारखी वळलेली. ही सालेर जात, दक्षिणेकडच्या कांताल डोंगरातली. गळ्यातल्या घंटा ऐकून मन लगेच घरच्या गोठ्यात जातं. आणि या गाईचं एक वैशिष्ट्य ऐकून मला फार बरं वाटलं: वासरू जवळ असल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. आधी वासरू लावायचं, त्यानं चार घोट घेतले की त्याला आईच्या पुढच्या पायाला बांधायचं आणि मग धार काढायची. यंत्रं आली, पण जुन्या पद्धतीनं दूध काढणारे अजून हेच करतात. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात सांगण्यासारखं काय आहे?

गाई वर चरायला जातात तशी इथली देवीही जाते. पाव्हँपासून पुढे व्हासिव्हिएर नावाची जागा आहे, माळावर एक दगडी देऊळवजा चर्च. तिथली काळी मेरी हिवाळाभर बेसच्या चर्चमध्ये असते. 2 जुलैला भाविक तिला खांद्यावर घेऊन वर पोचवतात आणि सप्टेंबरअखेरीस, संत मॅथ्यूच्या सणानंतरच्या रविवारी, खाली आणतात. मधले महिने ती माळावर, गुराख्यांच्या आणि गुरांच्या सोबतीला. कॅथलिक मंडळींना पालखी म्हटलेलं चालेल की नाही कोण जाणे, पण वाटेवर थांबत, गाणी म्हणत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सावरत चाललेल्या त्या लोकांना दुसरं काय म्हणावं ते मला सुचत नाही.

व्हासिव्हिएरच्या दक्षिणेला सेझालिए नावाचं पठार लागतं आणि माणसं विरळ होत जातात. तिथे गोदिव्हेल हे खेडं, अकराबाराशे मीटर उंचीवर, वस्ती इतकी थोडी की एका पंगतीत मावेल. गावाच्या वरच्या अंगाला एक तळं आणि खालच्या अंगाला दुसरं. वरचं पाव्हँचं धाकटं भावंड, तसंच स्फोटातून झालेलं, गोल आणि खोल. खालचं उथळ, पसरट, कडेनं दलदल. वरच्या तळ्याला फेरी होते. खालच्याला नाही, कारण त्याचा काठ म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा ओला गाळ. पाऊल रुतलं तर बूट सोडून यावं लागेल. 1975 पासून ती दलदल राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. स्थलांतर करणारे पक्षी तिथे उतरतात.

अशा गाळात फुलांचे परागकण हजारो वर्षं टिकतात. तो थरांसकट उपसून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कुठल्या काळी आसपास कोणती झाडं होती ते वाचता येतं. ओव्हेर्नच्या डोंगरांतल्या दलदलींनी जे सांगितलं ते पर्यटकाच्या भाबडेपणाला धक्का देणारं आहे. आज दिसणारी मैलोगणती हिरवी कुरणं निसर्गानं दिलेली नाहीत. इथे बीचचं रान होतं. माणसानं ते तोडलं, जाळलं, गुरं घातली आणि मध्ययुगापर्यंत डोंगर उघडे केले. ज्या मोकळेपणासाठी आपण इतक्या लांबून येतो तो गाईंच्या दातांनी राखलेला. गाई कमी झाल्या की काही वर्षांत झुडपं वर सरकतात, मागून झाडं येतात, आणि डोंगराच्या पाठीची ती लांबलचक रेषा झाकली जाते.

तेव्हा गाई टिकायला हव्या असतील तर दूध विकलं गेलं पाहिजे, आणि इथलं दूध विकलं जातं ते बहुतांशी सँ-नेक्तेर या चीजच्या रूपानं. 1955 मध्ये त्याला नावाचं संरक्षण मिळालं. एका शेतघरात मी ते होताना पाहिलं. सकाळची धार संपते न संपते तोच दूध ऊन असतानाच हौदात. विरजण घालून दही जमतं, ते कापतात, पाणी निथळवतात, पांढरा लगदा साच्यांत दाबून भरतात. काम करणाऱ्या बाईंनी कोपरापर्यंत बाह्या सारल्या होत्या आणि माझ्या प्रश्नांना उत्तरं देताना त्यांचे हात थांबत नव्हते. संध्याकाळच्या धारेनंतर हेच सगळं पुन्हा. सुट्टी कधी असते असं विचारल्यावर त्या हसल्या आणि गाईंकडे बोट दाखवलं. तळघरात राखाडी सालीची चाकं ओळीनं मुरत होती. पूर्वी ती राईच्या पेंढ्यावर ठेवत, आता बऱ्याच ठिकाणी फळ्या आहेत. वास बंद पडवीतल्या ओल्या मातीचा.

शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही. बटाटे, लसूण आणि ताजं न मुरलेलं चीज एकत्र परतून 'त्रुफाद' करतात, ती एक वाढ दोघांना पुरते. डुकराच्या चरबीत तळू नका एवढं मात्र आधी सांगावं लागतं. आणि सँ-नेक्तेर विकत घेताना चाक उलटं करून बघावं. सालीत एक हिरवा बिल्ला रुतवलेला असतो. चौकोनी असेल तर ते अनेक गोठ्यांचं दूध गोळा करून डेअरीत झालेलं. लंबगोल असेल तर एकाच गोठ्यातलं, कच्च्या दुधाचं, दिवसातून दोनदा धार काढणाऱ्या कुणाच्या तरी हातचं. पैसे थोडे जास्त पडतात.